टाचेच्या मागे दुखतंय, अकिलीस टेंडन आहे का? नुसत्या आरामाने बरं होईल का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाच आखडलेली असते, मग चालून सैल होते, आणि तीन आठवडे पळणं बंद ठेवलं तरी परत सुरू केल्यावर दुखणं हजर. मी डॉक्टर नाही, पण डिट्टो हेच मी सात महिने काढलंय, सिंहगडाचा चढ आठवड्यातून एकदाचा अचानक तीनदा करायला लागले होते त्याने झालं, म्हणून लिहितेय.

आधी दोन बोटांच्या चिमटीत टाचेच्या मागची जाड शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा अकिलीस टेंडन, धरून बघा (पुढे शीर म्हटलं की हीच). टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटीमीटर वर दाबलं की कळ येते का, तिथे जाडसर लागतं का? माझ्या तर तिथे शेंगदाण्याएवढा फुगवटा आला होता. तसं असेल तर बहुतेक अकिलीसच. अगदी हाडाला चिकटते तिथे, म्हणजे बुटाची कड घासते त्या जागी दुखत असेल तर तेही अकिलीसचंच, पण व्यायाम थोडा वेगळा. तळव्यात दुखत असेल तर ते दुखणंच निराळं.

आता आरामाचं. मीपण सहा आठवडे पूर्ण आराम केला आणि काही उपयोग झाला नाही, कारण आरामाने दुखणं दबतं पण शीर आणि पोटरी अजून कमजोर होते. तिला हळूहळू वजन पेलायला शिकवावं लागतं. स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये १५ जुनाट दुखण्याच्या पळणाऱ्यांना १२ आठवडे टाच खाली सोडायचा व्यायाम दिला आणि ते सगळे परत पळायला लागले. मी तोच आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात केला. कठडा धरायचा, चवडे पायरीच्या कडेवर, दोन्ही पायांनी वर उचलायचं, मग चांगला पाय काढून घ्यायचा आणि दुखऱ्या पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, ३ गुडघा जरा वाकवून, सकाळ-संध्याकाळ. एवढं पहिल्या दिवसापासून झेपलंच पाहिजे असं नाही, कमी करून वाढवा. थोडं दुखणार, ते चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं आखडणं वाढलं तर तेवढं झेपलं नाही असं समजून कमी करा. दुखणं हाडाच्या जागी असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, जमिनीवरच करा, खाली नेली की शीर हाडावर दाबली जाते. मला पाचव्या आठवड्यापर्यंत काहीच फरक वाटला नव्हता, तिथे बरेच जण सोडून देतात, प्लीज सोडू नका.

शीर चढलीय म्हणून मालिशवाल्याकडे जाऊन रगडून घेऊ नका. शिरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचीही घाई नको, मला एका ठिकाणी पहिल्याच भेटीत सुचवलं होतं, पण त्याने शीर तुटायचा धोका असतो. आणि अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का ते आठवा, ह्या अँटिबायोटिक्सनी टेंडन दुखू शकतं, तुटूही शकतं, साठीच्या पुढे जास्तच. घेतलं असेल तर व्यायामाच्या आधी डॉक्टरांना सांगा.

तुटणं मात्र वेगळंच. आमच्या बॅडमिंटन ग्रुपमधला एकजण शटल घ्यायला पुढे झेपावला, फट्ट असा आवाज आला आणि तो मागे वळून विचारतोय, "कोणी मारलं रे?" मागे कोणीच नव्हतं. चालता येत होतं, पाऊलही थोडं हलत होतं, म्हणून त्याला मुरगळलंय सांगून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं आणि तीन आठवडे वाया गेले. पालथं झोपवून पाऊल पलंगाच्या बाहेर ठेवायचं आणि पोटरी मुठीत दाबायची, पंजा आपोआप खाली झुकला तर शीर जोडलेली आहे, अजिबात हलला नाही तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे. ऑपरेशनच लागतं असं नाही, लवकर गेलं तर पंजा खाली झुकलेला ठेवून प्लास्टर किंवा बूट घालूनही जोडता येते. त्याचं मात्र उशीर झाल्याने ऑपरेशनच करावं लागलं, आणि परत कोर्टवर यायला अकरा महिने गेले.

तुमचं नक्की कुठे दुखतं, हाडावर की वर, ते कमेंटमध्ये सांगा, म्हणजे मी कुठल्या आठवड्यात किती केलं ते तसं लिहून देते.