उबुंटूवर डेटा सायन्स सुरू करतोयस? आधी एवढंच कर

भावा, सांगलीत बसून हे सगळं शिकता येतंय, लगेच नवीन लॅपटॉप घ्यायच्या मागं लागू नको. उबुंटू २४.०४ टाकलंयस ते बेस्ट, एलटीएस म्हणजे जास्त वर्षं सांभाळली जाणारी आवृत्ती आहे, २०२९ पर्यंत अपडेट येत राहतील.

सगळ्यात महत्त्वाचं, सिस्टिमसोबत आलेल्या पायथनला (ज्या भाषेत आपण कोड लिहिणार तिला) हात लावू नको. उबुंटूची स्वतःची बरीच कामं त्याच्यावरच चालतात, म्हणून तर थेट पिप (पायथनची पॅकेजेस टाकायची कमांड) मारलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असा एरर येतो, आणि नवीन पोरं तिथंच चुकतात, कमांडला नेटवरचा कुठला तरी पर्याय जोडून पुढं रेटतात. आणि पायथनच काढून टाकायचा विचार तर अजिबात नको, डेस्कटॉपसकट सगळं जाईल.

त्यापेक्षा असं कर की:
- ॲप्टनं (उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडनं) व्हेन्वचं पॅकेज घे, त्यानं प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचा स्वतंत्र कप्पा बनव
- ते ॲक्टिव्हेट करूनच पिप चालव, टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरवातीला कंसात त्याचं नाव दिसलं पाहिजे
- पिपनं एवढंच टाक: पांडाज (तक्त्यातल्या डेटासाठी), मॅटप्लॉटलिब (ग्राफसाठी), ज्युपिटरलॅब (ब्राउझरमध्ये कोड लिहायला). बास. नमपाय (आकडेमोडीसाठी) पांडाजसोबत आपोआप येतंय

कोंडा, डॉकर, कुडा ही बाकीची साधनं सगळी नंतर बघू.

आणि सरावाला तीच ती परदेशी उदाहरणं कशाला, ॲगमार्कनेटवरनं (शेतमालाच्या बाजारभावाची सरकारी वेबसाइट) आपल्या सांगली मार्केटचे हळदीचे दर घे की. तारखा बऱ्याचदा मजकूर म्हणून लोड होतात, त्या आधी नीट तारखेच्या प्रकारात बदल आणि मगच ग्राफ काढ. अडलास तर एरर पूर्ण कॉपी करून टाक, फोटो नको, मी बघतो.