वाचक विचारतात: झुलणारा ट्रेलर

प्रश्न: एकट्याने झोपण्यापुरता छोटा ट्रेलर घरीच बांधला आहे. लोखंडी सांगाडा, वर प्लायवुडची पेटी, सामानासह वजन ३०० किलो. वेग वाढला की मागचा भाग डावीउजवीकडे झुलतो. शिवाय सकाळी छत आतून ओलं असतं. काय करावं?

उत्तर: झुलण्याचं कारण बहुधा मागे पडलेला भार. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत ३० ते ४५ किलो, हुकावर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, यायला हवं. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, प्रवासाचं सगळं सामान भरा आणि हुकाच्या उंचीचा लाकडी टेकू वजनकाट्यावर ठेवून, त्यावर ट्रेलरचं जोडाचं टोक टेकवून वजन मोजा. गाडीच्या हुकाची मर्यादाही तपासा. कमी भरलं तर लगेच वेल्डिंग तोडू नका. समजा, हुक ते आस (चाकांना जोडणारा दांडा) अंतर २.४ मीटर आहे, आसामागे ०.९ मीटरवरचा २० लिटरचा पाण्याचा कॅन आसापुढे तितक्याच अंतरावर ठेवला, की हुकावर १५ किलो वाढतात. एवढ्यानेही भागलं नाही, तरच आस मागे सरकवा. तोवर वेग कमीच ठेवा.

ओल गळतीची नसावी, श्वासातल्या वाफेची असावी. एक झरोका खाली, एक त्याच्या विरुद्ध बाजूला वर ठेवा. रात्री दोन्ही उघडे. छताला आतून २५ मिलिमीटर जाडीचं पॉलिस्टायरिन फोम लावा, पण सॉल्व्हंट असलेला गोंद नको, तो फोम विरघळवतो. पॉलियुरेथेन गोंद चालेल.