हजेरीचा आकडा आणि मुलाचे वाचन

(वाचकांचे प्रश्न, मार्च २०२१)

प्रश्न : कोपरखैरणे येथील एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. आमचे बरेचसे पालक बाजार समितीत माथाडी कामगार आहेत, काही माता घरकाम करतात. कोरोनामुळे मार्च २०२० पासून वर्ग बंद आहेत आणि शिक्षक मोबाईलवरून शिकवीत आहेत. संस्थेने या महिनाअखेर वर्षाचा प्रगती अहवाल मागितला असून त्यात ऑनलाइन हजेरीची टक्केवारी, शिकवून झालेले पाठ आणि पाठवलेल्या चित्रफिती एवढेच रकाने आहेत. चौथीची हजेरी बरी आहे, पहिलीची निम्म्याहूनही कमी. उरलेल्या दिवसांत राहिलेले पाठ संपवावेत, असे शिक्षकांचे म्हणणे आहे. माझे मन त्याला तयार होत नाही. अहवालात काय लिहावे आणि अग्रक्रम कशाला द्यावा?

उत्तर : बाई, तुमचे मन तयार होत नाही, ते योग्यच आहे. संस्थेने मागितलेले तिन्ही रकाने शाळेने काय केले ते सांगतात. मुलाला काय येते हे त्यांतल्या एकातूनही कळत नाही. अहवालात ते रकाने जरूर भरा, परंतु त्यांना प्रगती म्हणू नका.

हे मी नुसते तत्त्व म्हणून सांगत नाही. ठाण्यात आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या एका बाईंची मुलगी दुसरीत आहे आणि तिची ऑनलाइन हजेरी पूर्ण आहे. तिने मला पाठ्यपुस्तकातला धडा खडाखडा वाचून दाखवला. मी तिला वाचताना शब्दाखाली बोट ठेवायला सांगितले, तेव्हा तोंड तिसऱ्या ओळीवर पोहोचले तरी बोट पहिल्याच ओळीत अडकून राहिले होते. मग त्याच धड्यातला ‘पाऊस’ हा शब्द पाटीवर सुटा लिहून दिला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच ‘पाणी’ म्हणाली. पहिले अक्षर तिने वाचले होते, पुढचा सगळा अंदाज होता. तिच्या वर्गशिक्षिकेला मोबाईलच्या पडद्यावर हे दिसणे शक्यच नव्हते आणि आईला तर मुलगी छान वाचते असेच वाटत होते. ही मुलगी पहिलीत असताना मार्चमध्ये शाळा बंद झाली, म्हणजे जोडाक्षरे पक्की होण्याच्या सुमारास तिचा वर्ग सुटला. तुमची आजची पहिली तर त्याहून अवघड स्थितीत आहे, कारण त्या मुलांनी वर्गाचा उंबरठाच पाहिलेला नाही.

म्हणून पहिला अग्रक्रम पहिली-दुसरीच्या वाचनाला द्या आणि त्यासाठी आधी प्रत्येक मूल कुठे आहे ते तपासा. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या देशव्यापी पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्या असतात, त्याच वापरल्या तरी चालतील. फोनवर एका मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. तीस मुलांच्या वर्गासाठी रोज सहा फोन धरले तर पाच संध्याकाळी काम होते. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, शिक्षकाने स्वतः लिहून त्याच वेळी पाठवलेला हवा, नाहीतर पाठांतरच ऐकू येईल. आईवडील मागून उत्तर सांगतात ते मायेपोटी. त्यांना रागावू नये. ‘अडेल तिथेच आम्हाला शिकवायचे आहे, म्हणून अडू द्या’ एवढे आधी सांगितले की बहुतेक पालक ऐकतात. गणितात दोन अंकी संख्यांची ओळख आणि हातच्याची वजाबाकी पाहिली तरी पुरेसे चित्र मिळते.

मी संध्याकाळ म्हणाले, त्याला कारण आहे. माथाडी कामगाराच्या घरी बहुधा एकच चांगला फोन असतो आणि तो त्याच्याबरोबर बाजारात जातो. भाजीपाल्याची आवक रात्री सुरू होते आणि सकाळपर्यंत चालते. सकाळी दहाच्या तासाला ते मूल गैरहजर लागते, त्यात त्याचा काय दोष? शासनाच्या जुलै २०२०च्या सूचनांनुसार पहिली-दुसरीला दिवसाला ३० मिनिटांची दोन आणि तिसरी ते आठवीला ४५ मिनिटांची दोन सत्रे एवढीच मर्यादा आहे. इतका थोडा वेळ शाळेच्या घंटेप्रमाणे न ठेवता घरात फोन असेल त्या वेळी ठेवणे शक्य आहे. पहिलीची हजेरी निम्म्याहून कमी का, याचे उत्तर कदाचित वेळापत्रकातच सापडेल.

काही कुटुंबे टाळेबंदीत गावी, साताऱ्यातल्या जावळी-पाटणकडे गेली असतील. त्यांचा ठावठिकाणा शेजाऱ्यांकडून, भावंडांच्या वर्गशिक्षकांकडून काढा. ज्यांच्याशी संपर्कच नाही त्यांची संख्या अहवालात पहिल्या पानावर असावी असे माझे स्पष्ट मत आहे. पोषण आहाराचा शिधा घ्यायला पालक शाळेत येतात, त्या दिवशी मुलाच्या पायरीनुसार हाताने लिहिलेली चार पाने त्यांच्या पिशवीत द्या आणि मागच्या वेळची भरलेली पाने परत घ्या. फोन नसलेल्या घराशी शाळेचा धागा टिकवायला माझ्या मते याहून भरवशाची वाट नाही.

राहिलेल्या पाठांबद्दल शिक्षकांना समजावताना दोन गोष्टी हाताशी ठेवा. राज्याने जुलै २०२० मध्येच पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी केला, म्हणजे नेहमीची गती अपेक्षित नाही हे शासनानेही मान्य केले आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाने गेल्या महिन्यात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच राज्यांतील सरकारी शाळांमधील दुसरी ते सहावीची १६,०६७ मुले तपासली गेली. त्यांपैकी ९२ टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले भाषेतले किमान एक कौशल्य विसरली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. महाराष्ट्र त्यात नाही, तरी जे येत होते तेही निसटते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाया निसटलेल्या मुलापुढे राहिलेला पाठ वाचून संपवला, तर तो फक्त नोंदवहीत संपतो.

अहवालात मग असे लिहिता येईल : पहिलीतील इतकी मुले अक्षरे ओळखतात, इतकी सुटे शब्द वाचतात, इतकी अजून कुठल्याच पायरीवर नाहीत, इतक्यांपर्यंत आम्ही पोहोचू शकलो नाही. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता केलेल्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदीही याच शब्दांत करा, म्हणजे जूनमध्ये पुढच्या वर्गशिक्षकाला त्या उपयोगी पडतील. संस्थेला हे आकडे आवडणार नाहीत, याची तयारी ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना आधी विश्वासात घेतले, तर त्या बैठकीत तुम्ही एकट्या पडणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. त्याला अजून वाचता येत नाही. त्याला पुन्हा पहिलीतच बसवावे का?
— एक पालक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : बसवू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिलीच्या मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण त्याच्या वर्गातली पुष्कळ मुले आज त्याच्याच पायरीवर असणार. जूनपर्यंत रोज वीस मिनिटे त्याच्याजवळ बसा. त्याच्या तोंडचे एखादे वाक्य, ‘आज आजीने भाकरी केली’ असे, त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहा, बोट ठेवून दोघांनी वाचा आणि मग त्यातले शब्द कातरून उलटसुलट मांडून त्याला ते वाक्य पुन्हा जुळवू द्या.