आरसी हरवली, गाडी विकायची कशी?

प्रश्न: माझी 2013 ची वॅगनआर विकायचीय. घर बदलताना आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) कुठे गेली देव जाणे, सगळी कपाटं उपसून झाली. गिऱ्हाईक चांगलं आलंय, म्हणतंय काका डिजिलॉकरवर दिसतेय ना आरसी, तुम्ही फक्त फॉर्म 29-30 वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) सह्या करा, बाकी माझा एजंट बघेल. लोन 2018 लाच फिटलंय. देऊन टाकू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अशी तर अजिबात नका देऊ. डिजिलॉकरवरची आरसी रस्त्यात पोलिसाला दाखवायला चालते, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना आरटीओ मूळ आरसी मागतंच, आणि ती नाही म्हणून एजंटने फाईल बाजूला ठेवली की गाडी गिऱ्हाइकाकडे आणि नाव तुमचं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये सांगितलंय, गाडी कितीही हातांतून फिरली तरी अपघाताच्या भरपाईला रेकॉर्डवर ज्याचं नाव तो मालक जबाबदार. म्हणजे तुम्ही!

आता लोन फिटलं म्हणता, पण बोजा (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवलात का? बरेच जण इथेच अडकतात, शेवटचा हप्ता गेला की आपण सुटलो असं वाटतं पण आरटीओच्या रेकॉर्डला बँकेचं नाव तसंच असतं. परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून बघा. असलंच तर आधी बँकेकडून एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 घ्या, कारण डुप्लिकेट आरसीच्या फॉर्म 26 वर सुद्धा बँकेची सही मागतात.

मग आरसी हरवल्याची पोलिसात नोंद करायची आणि ती जोडून, जिथे गाडी रजिस्टर आहे त्याच आरटीओत डुप्लिकेटसाठी अर्ज. इन्शुरन्स, पीयूसी चालू ठेवा, चलन थकली असतील तर भरून टाका, नाहीतर त्यावरून परत पाठवतात.

डुप्लिकेट हातात आली की मग 29-30, आणि तेही खरेदीदाराचं नाव, तारीख सगळं भरून, कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही. विकल्यावर 14 दिवसांत आरटीओला तुम्ही स्वतः कळवायचं असतं, ते एजंटवर सोडू नका. गाडी देताना तारीख-वेळ टाकून ताबा पावती घ्या. गिऱ्हाईक थांबायला तयार नसेल तर थोडं टोकन घेऊन ठेवा, चावी मात्र तोवर तुमच्याच खिशात.