गोकूचा राग आणि क्रिलिनचं दुसरं मरण

ड्रॅगन बॉल झेड या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा ९५ वा भाग पाहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. खलनायक फ्रीझा क्रिलिनला मारतो तेव्हा नायक गोकू कितीतरी वेळ नुसता थरथरतो, विजा कडाडतात, केस उभे राहतात, मग या भागाचं एवढं कौतुक कशासाठी? आणि गोकूचा हा जिवलग मित्र याआधीही मेला होता, इच्छा पूर्ण करणाऱ्या ड्रॅगन बॉलमुळे परत आला होता, तर या वेळी गोकूचा तोल एवढा का जातो? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं फारसं उरत नाही.

पृथ्वीवरच्या ड्रॅगन बॉलमधून प्रकटणाऱ्या शेनरॉन या ड्रॅगनची एक अट आहे: एका माणसाला तो एकदाच जिवंत करू शकतो. सैयन हे परग्रहावरचे योद्धे पृथ्वीवर येतात त्या लढाईत चाओत्झू मरतो तेव्हा त्याचा मित्र तिएन एवढा का कोसळतो, ते आठवा. चाओत्झू आधी एकदा परत आलेला होता. क्रिलिनचंही तसंच. टॅम्बरिन या राक्षसाने त्याला मारलं आणि पुढे शेनरॉनने परत आणलं, तिथेच त्याची ती एक संधी संपली. नामेक ग्रहावरच्या पोरुंगा या ड्रॅगनला ही अट नाही. पण तिथे पहिल्या इच्छेने गोकूचा साथीदार पिकोलो जिवंत झाला, दुसरीने तो नामेकवर आला आणि तिसरी मागण्याआधीच ते ड्रॅगन बॉल घडवणाऱ्या तिथल्या थोरल्या वडीलधाऱ्यांचा मृत्यू झाला. ड्रॅगन बॉलचे दगड झाले. म्हणजे फ्रीझा क्रिलिनला हवेत उचलतो त्या क्षणी त्याला परत आणायची एकही वाट गोकूला दिसत नाही. पिकोलोही छातीत वार घेऊन पडलेला आहे. फ्रीझाने गोकूवर सोडलेला किरण त्याने स्वतःवर घेतला. पृथ्वीवरचे ड्रॅगन बॉल त्याच्या जिवाशी बांधलेले, तो गेला तर तेही गेले. पुढे क्रिलिन परत येतो हे आपल्याला ठाऊक असतं, त्या खडकावर उभ्या असलेल्या गोकूला नाही. तुम्ही पुढची कथा डोक्यात ठेवून भाग पाहिलात, त्यामुळे ही कोंडी जाणवली नसावी.

आता राहिला मरतो कोण हा मुद्दा. झेडपासून पाहायला सुरुवात केलेल्यांना क्रिलिन हा टक्कल केलेला एक सोबती वाटतो, आणि तो दोष पाहणाऱ्यांचा नाही. १९८६ साली सुरू झालेली मूळ ड्रॅगन बॉल मालिका पाहिली की चित्र बदलतं. लढण्याचं शिक्षण देणाऱ्या मास्टर रोशीकडे दोघं एकाच वेळी शिकायला आले. रोशींनी खूण केलेला दगड जंगलात फेकला आणि शोधून आणायला सांगितला. क्रिलिनने आधी खोटा दगड आणला, तो पकडला गेल्यावर गोकूने शोधलेला दगड युक्तीने लांबवला. मैत्रीची सुरुवात अशी फसवणुकीने झाली! मग पाठीवर २० किलोचं कवच बांधून घरोघरी दूध पोचवणं, हाताने शेत उकरणं, दुपारी अभ्यास, झोप. काही महिन्यांनी कवच ४० किलोचं झालं. रोशींची शिकवणच होती की नीट काम करा, नीट शिका, नीट खेळा, नीट खा आणि नीट विश्रांती घ्या. गोकू डोंगरात आजोबांजवळ एकटा वाढलेला मुलगा. रोजच्या जगण्यात बरोबरीने धावणारा पहिला समवयस्क त्याला क्रिलिनमध्ये मिळाला.

आणखी एक प्रसंग मी दर वेळी नव्या प्रेक्षकांना सांगतो. पृथ्वीवर चाल करून आलेला सैयन व्हेजिटा हरून सरपटत यानाकडे निघालेला असतो तेव्हा क्रिलिन तलवार उगारून त्याच्यासमोर उभा असतो. कितीतरी मित्र मेलेत, हात उचललेला आहे. आणि हाडं मोडून पडलेला गोकू त्याला विनवतो की याला जाऊ दे, मला याच्याशी पुन्हा लढायचंय. क्रिलिनला हे पटत नाही. तरीही तो तलवार खाली घेतो, केवळ मित्राने मागितलं म्हणून. गोकूची दया, त्याची लढण्याची हौस, या सगळ्याची किंमत वर्षानुवर्षं क्रिलिन मुकाट्याने भरत आलाय. नामेकवरही फ्रीझाचं शिंग पोटातून आरपार जाऊन डेंडे या नामेकच्या मुलाच्या उपचारामुळे तो वाचला होता, आणि उठल्याबरोबर फ्रीझाची शेपटी कापायला गेला होता. मरतानाही त्याच्या तोंडी गोकूचंच नाव आहे.

हे मनात धरून तो भाग पुन्हा पाहा. गोकूने फ्रीझावर सोडलेल्या स्पिरिट बॉम्ब या प्रचंड ऊर्जागोळ्यानंतर सगळ्यांना वाटतं, सुटलो. थकलेली हसू, घरी जायच्या गोष्टी. फ्रीझा पुन्हा उभा आहे हे आधी क्रिलिनच्या नजरेस पडतं आणि त्याचा चेहराच आपल्याला सगळं सांगतो. त्यानंतर जे होतं त्याला मराठीत तयार शब्द आहेत: तळपायाची आग मस्तकात जाणं. चित्रकारांनी ते अक्षरशः काढलंय. जमिनीतून ढेकळं उठतात, अंग कापतं आणि शेवटी आग केसांत पोचते. केस एकदम सोनेरी होत नाहीत. काळे, सोनेरी, पुन्हा काळे. गोकू स्वतःला आवरायचा प्रयत्न करतोय आणि ते जमत नाहीये, असं मी ते वाचतो. पुढच्या कितीतरी रूपांतरांत नायक आरोळी ठोकून ताकद बोलावून घेतो. इथे ताकद त्याच्यावर चाल करून येते.

माझ्या मते भागाचा गाभा त्याच्याही नंतर आहे. गोकू आपल्या मुलाला, गोहानला सांगतो की पिकोलोला घे, आपल्या मैत्रिणीला, बुल्माला शोध, यानात बस आणि पृथ्वीवर जा. गोहान घुटमळतो, तेव्हा तो मुलावर ओरडतो: माझं थोडंफार भान शिल्लक आहे तोवर निघून जा. मुलाशी असं तो कधीच बोललेला नाही. मिळालेल्या ताकदीचा आनंद त्याला होत नाही, तो स्वतःलाच घाबरलाय. रोशींनी शिकवलेला संयम हातातून निसटतोय हे त्याला कळतंय, आणि उरलेलं शेवटचं भान तो मुलाला दूर पाठवण्यात खर्च करतो. मूळ जपानी आवाजात पाहिलंत तर अंगावर काटा येईल, कारण बाप आणि मुलगा दोघांचेही आवाज मासाको नोझावा यांचेच आहेत. १९ जून १९९१ रोजी फुजी टीव्हीवर हा भाग लागला तेव्हा त्या ५४ वर्षांच्या होत्या. आपल्यापैकी बरेच जण कार्टून नेटवर्कवर डब केलेली मालिका पाहून वाढले. त्या आवाजांवर माझंही प्रेम आहे, पण या एका भागासाठी जपानी ऐकाच.

संथपणाबद्दल तुमची तक्रार सरसकट चुकीची नाही. अकिरा तोरियामा यांची मूळ मंगा, म्हणजे चित्रकथा, दर आठवड्याला शोनेन जंप या मासिकासारख्या साप्ताहिकात येत होती आणि मालिका तिच्या मागे काही महिन्यांच्याच अंतरावर होती. मूळ कथेला गाठू नये म्हणून मालिका बनवणाऱ्या तोएईला वेळ काढावा लागे. पुढे फ्रीझा म्हणतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटेल आणि ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग चालतात, तिथे मलाही कंटाळा येतो. ९५ व्या भागात मात्र हा वेळ सत्कारणी लागलाय. एवढं दुःख दोन सेकंदांत दाखवलं असतं तर नुसता केसांचा रंग बदलला असता.

केसांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. तोरियामांनी मुलाखतीत सांगितलंय की गोकूचे काळे केस शाईने भरण्यात साहाय्यकाचा फार वेळ जायचा, मंगात सुपर सैयनचे, म्हणजे या नव्या रूपाचे, केस पांढरे सोडले की ते काम वाचायचं. आणि ती रोखलेली नजर ब्रूस ली यांच्यावरून घेतली. मला यात काहीच कमीपणा वाटत नाही. शाई वाचवायला निघालेल्या माणसाने कोऱ्या कागदातून तेज काढून दाखवलं, आणि पडद्यावर ते सोनेरी झालं.

अजून एक. तुम्ही लिहिलंत की गोकू 'क्रिलिनबद्दल बोलतोयस का?' असं ओरडतो आणि मग बदलतो. ही गफलत जुन्या चाहत्यांचीही होते. ती आरोळी रूपांतरानंतरची आहे. फ्रीझा त्याला डिवचतो, 'त्या पृथ्वीवासीयासारखा' असा उल्लेख करतो, तेव्हा ती येते. फ्रीझाला नावसुद्धा माहीत नाही. ज्याला त्याने मारलं तो त्याच्या लेखी कुणीतरी एक पृथ्वीवासी, म्हणून गोकू ते नाव दोनदा उच्चारतो, आधी पुटपुटत आणि मग छाती फुटेस्तोवर.

वेळ असेल तर मूळ मालिकेतले रोशींकडच्या शिक्षणाचे भाग आणि १०१ वा भाग पाहा. क्रिलिनचा पहिला मृत्यू त्यात आहे. गोकूचा विसरलेला चार ताऱ्यांचा ड्रॅगन बॉल आणायला तो धावत जातो आणि परत येतच नाही. त्यानंतर नामेकवर या, आणि काय वाटलं ते इथेच लिहा, मी वाट पाहतो.