निपाणीकडे ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रकच्या बॅटऱ्या रात्रीतून उतरतात, डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) बदलू का?

थांबा दादा, आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावा. गाडी २४ व्होल्टची आहे, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. रेस थोडी वाढवून दोन्हींवर मिळून २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले तर डायनामो ठीक आहे. मग बंद गाडीत करंट कोण खातंय ते शोधा. टेप आणि वरून बसवलेल्या जादा लाइटांवर माझा पहिला संशय. २५ च्या आसपासच अडकलं तर चार्जिंग होत नाही. ३० कडे गेलं तर कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेला, बॅटरीचं पाणी आटत असणार.

चार्जिंग नसेल तरी लगेच डायनामो उतरवू नका. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का? बऱ्याच गाड्यांत त्या दिव्यातूनच डायनामोला सुरुवातीचा करंट जातो. बल्ब उडाला की चांगला डायनामोही मुका. एवढासा स्वस्त बल्ब, आणि लोक हजारो घालवून बसतात!

मग बेल्ट. तवंदी घाटात हेडलाइट लावून चढताना किरकिरत असेल तर तो सैल किंवा गुळगुळीत झालाय.

त्यानंतर हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरची एक वायर डायनामोच्या जाड टर्मिनलला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधली वायर किंवा तिच्या टोकाचं लग सडलंय. अर्थिंगही असंच तपासा. जुन्या चेसिसवर गंज फार.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एक मेलेली दुसरीलाही नेते. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची गॅरेजवाली पद्धत नको, डायनामोतले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) जळतात.