पहिलं पान राहू दे

“कादंबरी डोक्यात पूर्ण तयार आहे, पण सुरुवातच होत नाही. मी आळशी आहे का?” हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात. माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही. कादंबरीचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो, तोही आवाज खाली आणून, काही गुन्हा कबूल करावा तसा. मला त्याचं वाईट वाटतं. लिहावंसं वाटणं ही लपवायची गोष्ट नाही.

मोरेश्वर यांची हकीगत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४९. मूळ गाव उरणकडचं, राहायला उलव्यात, नोकरी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळण्याची. पत्नीने आग्रह करून पाठवलं होतं, कारण हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचे आणि सकाळी कुणी काही विचारलं की अंगावर यायचे. वाशीतल्या माझ्या खोलीत आले तेव्हा खांद्याला रेक्झिनची जाड बॅग होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसले.

त्या बॅगेत अकरा वर्षं होती. सातबाराच्या झेरॉक्स, भूसंपादनाच्या नोटिसा, पिवळी पडलेली कात्रणं, चार पिढ्यांची वंशावळ, पात्रांचा तक्ता. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या त्यांची हाताने लिहिलेली यादी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची, तिथून कादंबरी सुरू होणार होती. मध्यावर जानेवारी १९८४. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जणांचा बळी गेला, आणि त्या लढ्यातूनच पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट निघाली. मोरेश्वर तेव्हा आठ वर्षांचे होते. वडील जासईला, त्या आंदोलनात गेले होते आणि घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती.

लिहिलेलं किती, असं विचारलं तेव्हा त्यांनी बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून एक पातळ फाइल काढली. पहिलं पान. एकाच पहिल्या पानाचे सतरा खर्डे. मी वरचा वाचला. आभाळात काळे ढग दाटले होते, भूमिपुत्रांच्या भाळी नियतीने काय लिहिलं होतं वगैरे.

“भाषण वाटतं ना, मॅडम?” त्यांनीच विचारलं.

माझी पहिली चूक इथे झाली. झोपेचा त्रास, कामाचं ओझं हे सगळं विचारून घेतलं, नैराश्याची लक्षणं नीट तपासली, ती नव्हती, आणि मग मी त्यांना वेळापत्रक आखून दिलं. पहाटे पाच ते सहा लेखन. मला वाटलं, प्रश्न वेळेचा आहे. पुढच्या भेटीला ते आलेच नाहीत. महिन्याने आले ते ओशाळलेले. तीन दिवस पाचला उठले होते, तिन्ही दिवस अठराव्या खर्ड्यासमोर बसले होते, चौथ्या दिवशी गजर बंद केला. ज्या माणसाला आपण अपुरे पडतो असं आधीच वाटतंय, त्याच्या हातात मी अपुरं पडण्याचं आणखी एक कारण दिलं होतं. त्यांची मी माफी मागितली.

मग विचारलं, “वही मिटता, त्या क्षणाला कसं वाटतं?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. “बरं वाटतं,” म्हणाले. “सुटल्यासारखं.”

“आणि मग काय करता?”

“मग एखादा जुना जीआर शोधतो. राहिलेलं कात्रण शोधतो.”

रात्री दोनपर्यंतचं जागरण हेच होतं. ज्याला आपण आळस म्हणतो त्यात इतकी मेहनत नसते. कोऱ्या पानाची भीती वाटते, पान मिटलं की ती उतरते, आणि भीती उतरल्याचं ते सुख मनाला चटक लावतं. दर वेळी टाळलं की पुढच्या वेळी टाळणं सोपं होतं. त्यातून संदर्भ गोळा करणं हे काम कादंबरीचंच असल्यामुळे आपण टाळतोय हे स्वतःलाही कळत नाही. अकरा वर्षं मोरेश्वर प्रामाणिकपणे राबत होते आणि प्रत्येक संदर्भागणिक पहिल्या पानावरचं ओझं वाढत होतं. ९५ गावं, चार पिढ्या, पाच हुतात्मे, सगळे त्या एका पानावर येऊन उभे होते. कुणाचाही हात थिजेल.

पण भीती कसली? ते हळूहळू उलगडलं. साडेबारा टक्क्यांचा भूखंड हाती येण्याआधीच वडिलांनी आपला हक्क कमी पैशांत एका बिल्डरला लिहून दिला होता. त्यात काकांचाही हिस्सा होता. वीस वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही, लग्नकार्याला जाणं-येणं नाही. लढ्याची कादंबरी लिहायची तर जासईला गेलेले वडील लिहायला हवेत, आणि सही करून आलेले वडीलही. मोरेश्वरना पहिले वडील लिहायचे होते. दुसरे मागून येणार हे ठाऊक होतं, म्हणून पहिलेही कागदावर उतरत नव्हते.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात आगरी बोली. पाचवीत असताना वर्गात उभं राहून ते “मना” म्हणाले होते, “मला”च्या जागी. गुरुजींनी सगळ्या वर्गाकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. वर्ग हसला. तेव्हापासून लेखणी हातात घेतली की मोरेश्वर परीक्षेला बसल्यासारखे लिहितात. ते काळे ढग आणि ती नियती तिथून आली होती. हे ऐकताना माझा संताप झाला, आणि तो मी लपवला नाही.

त्या दिवशी जाता जाता त्यांनी आजीचा किस्सा सांगितला. नोटिशीचे पैसे घेऊन मुलगा घरात आला तेव्हा आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. नोटांकडे तिने पाहिलंही नाही. “मना नको ते पैशे,” म्हणाली, आणि पिठाचा हात भिंतीला पुसला. तो पांढरा पंजा कितीतरी दिवस भिंतीवर होता.

सांगताना त्यांचा आवाजच बदलला होता. बॅग पहिल्यांदा जमिनीवर होती.

“हे लिहा,” मी म्हटलं.

“हे? याने कादंबरी सुरू होते?”

“होऊ नये. पहिलं पान राहू दे. हे कुठलंही पान असू दे.”

यानंतर जे ठरवलं ते अगदी साधं होतं. नेरुळला ते उरणच्या गाडीची वाट पाहत बसतात. त्या मार्गावर गाड्या कमी, त्यामुळे रोज दहा-वीस मिनिटं हमखास मिळतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली एक कल्पना मी नेहमी वापरते. “रोज लिहीन” असा नुसता निश्चय करण्यापेक्षा “अमुक घडलं की तमुक करीन” असं ठरवलं, की काम हातून होण्याची शक्यता वाढते. बाकड्यावर टेकलो की वही उघडायची. गाडी दिसली की मिटायची, वाक्य अर्धं असलं तरी. उलट अर्धं असलं तर फारच छान, दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा प्रश्न उरत नाही. बॅग घरी माळ्यावर. एखादी तारीख, एखादं नाव आठवलं नाही तर तिथे गोल काढून पुढे जायचं. वही भरेपर्यंत मागचं वाचायचं नाही. बोली जी येईल ती.

आम्ही हिशेबही केला, कारण स्टोअर्स सांभाळणाऱ्या माणसाला हिशेब पटतो. बाकड्यावर दीडशे शब्द होतात. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर साडेसदतीस हजार. दोन वर्षांत पंचाहत्तर हजार, म्हणजे चांगली ऐसपैस कादंबरी. ते आकड्याकडे बघत राहिले. अकरा वर्षांचा हिशेब त्यांच्या मनात चालला असणार. तो मी करू दिला नाही.

पहिल्या आठवड्यात आजीचा पंजा लिहून झाला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फक्त खाडीत मिळणाऱ्या मासळीची नावं लिहिली. निवट्या, बोय, चिंबोऱ्या, जवळा. खाली लिहिलं होतं, “आज काही सुचलं नाही.” त्या यादीशेजारी दुसऱ्या दिवशी खाडीच्या बांधावरून ओहोटीची वाट बघणारे काका आले होते. वीस वर्षं न बोललेले काका, बारा वर्षांच्या पुतण्याला चिंबोरी कशी धरायची ते शिकवत होते. मोरेश्वर ते वाचून दाखवताना थांबले. खिडकीबाहेर पाहत बसले. मीही काही बोलले नाही.

मधे दोन आठवडे वही उघडलीच नाही, कारण मुलीची बारावीची परीक्षा होती. मग बाकड्यावर परत बसले. जागरण आपोआप कमी झालं असं मी म्हणणार नाही, त्यावर आम्ही वेगळं काम केलं. पण जीआर शोधणं थांबल्याने मदत झाली.

काकांच्या घरच्यांना काय वाटेल, हा प्रश्न मात्र अजून उभा आहे. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. छापलेल्या शब्दाने माणसं दुखावतात. एवढंच म्हटलं की हा निर्णय पूर्ण खर्डा हातात असेल तेव्हाचा आहे, आज वही फक्त तुमची आहे. कुणाला दाखवायची, कुणाचं नाव बदलायचं, काय गाळायचं हे ठरवायला आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं.

गेल्या भेटीत ते तिसरी वही घेऊन आले. आजीचं पान त्यांनी आईला वाचून दाखवलं होतं. आई ऐंशीच्या पुढची. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “तवा कुठला? खापरी होती तिची, मातीची.” मोरेश्वरनी समासात “खापरी” लिहिलं, आणि आई पुढे अर्धा तास बोलत राहिली ते मागच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतलं.

१६ जानेवारी अजून लिहिलेला नाही. घाई नाही, म्हणाले. आधी वडिलांना मिठागरावर कामाला जाताना लिहायचंय.